स्वभावाला औषध आहे

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण माझ्या खोलीत जितकी ऐकू येते तितकी दुसरी कुठलीच नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी समुपदेशक आहे. आठवी ते दहावीची मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांच्या मागोमाग पालक. आई म्हणते, ‘‘मॅडम, ही पहिल्यापासूनच हट्टी.’’ वडील म्हणतात, ‘‘आमच्या धाकट्या भावावर गेलाय.’’ वर्गशिक्षक म्हणतात, ‘‘संगत वाईट आहे.’’ पंधरा वर्षांच्या मुलाचा निकाल असा उभ्या उभ्या लागतो. मला हा निकाल मान्य नाही. कारण ज्याला आपण मुलाचा स्वभाव म्हणतो, त्यातला बराच भाग घरात आणि मित्रांमध्ये रोज घडत असतो. आणि जे रोज घडतं ते बदलता येतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. चिडणं, दार आपटणं, आरशासमोर तासन्‌तास उभं राहणं हा आजार नाही, ते वय आहे. अडचण तेव्हा म्हणावी, जेव्हा घर, शाळा आणि मित्र अशा सगळीकडे तेच दिसतं आणि महिनोन्‌महिने दिसत राहतं. मैत्री टोकाची होते आणि टोकाची तुटते. राग आला की आवरत नाही. ‘मी कोण आहे’ याचं उत्तर रोज बदलतं. सगळे आपल्या विरोधात आहेत असं वाटतं. काही मुलं स्वतःला इजा करून घेतात.

मानसोपचारातही या वयाला शिक्का मारण्याची घाई करत नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांनुसार अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान करायचं, तर लक्षणं किमान एक वर्ष टिकलेली असावी लागतात. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचं निदान तर अठराच्या आत करताच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘व्यक्तिमत्त्वातील अडचण’ अशी वेगळी नोंद आहे, आणि ती विकारात मोजलेली नाही.

मग काकावर जाण्याचं काय? त्यात तथ्य आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांच्या व्यक्तिमत्त्वातला साधारण चाळीस ते पन्नास टक्के फरक आनुवंशिक असतो. काही मुलं जन्मतःच हळवी असतात. त्यांना पटकन लागतं, जास्त लागतं आणि शांत व्हायला वेळ लागतो. पण उरलेला भाग अनुभवांनी घडतो. शिवाय हे दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले असतात. हळव्या मुलामुळे घर वैतागतं आणि वैतागलेल्या घरात मूल आणखी हळवं होतं.

मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात नेमकी हीच गुंतागुंत मांडली. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना, नाती आणि ‘मी कोण’ हे सगळंच सतत अस्थिर ठेवणारा व्यक्तिमत्त्व विकार; त्यावरच्या उपचारासाठी त्या ओळखल्या जातात. तरुणपणी आपण स्वतः गंभीर मानसिक आजारातून गेलो होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांचं म्हणणं असं की जन्मजात तीव्र भावना असलेल्या मुलाला त्याच्या भावना सतत खोट्या ठरवणारं घर मिळालं, तर भावना सांभाळायचं शिक्षण त्याला मिळतच नाही.

माझ्याकडे आलेल्या नववीतल्या एका मुलीमुळे हे मी जवळून पाहिलं. (तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरची द्राक्षबाग. छाटणीपासून माल उतरेपर्यंत घरात दुसरा विषय नाही. जिवाभावाच्या मैत्रिणीने बाक बदलला आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून हिला काढून टाकलं. ही रडत घरी आली. आई म्हणाली, ‘‘एवढ्याशा गोष्टीला कोण रडतं?’’ आजी म्हणाली, ‘‘सासरी कसं व्हायचं हिचं?’’ दोघींच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण मुलीचं दुःख तिच्या पदरात तसंच राहिलं. रात्री तिने ताट भिरकावलं. तेव्हा मात्र सगळं घर गोळा झालं. वडील बागेतून आले, शेजारी बसले, काय झालं म्हणून विचारलं. शांतपणे सांगितलं तर कुणी ऐकत नाही आणि ताट फेकलं की सगळे ऐकतात, हा धडा त्या घराने तिला नकळत दिला. पुढे ताट पुरेनासं झालं.

दहावीतल्या एका मुलाचं वेगळं होतं. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन रोजची भांडणं बारकाईने नोंदवली आणि त्यांतून एक चक्र दाखवलं. तेच चक्र या मुलाच्या घरी चाललेलं होतं. आई म्हणायची, मोबाइल ठेव. तो ओरडायचा. आई आणखी मोठ्याने ओरडायची. तो वस्तू आपटायचा. आई दमायची आणि ‘‘कर काय करायचं ते’’ म्हणून आत निघून जायची. त्या क्षणी दोघांनाही हायसं वाटायचं, आणि खरी गोम तिथेच आहे. आरडाओरडा केला की सुटका होते हे मुलगा शिकला. माघार घेतली की शांतता मिळते हे आई शिकली. दुसऱ्या दिवशी आवाज एक पट्टी वर.

शब्दांची किंमतही मोजली गेली आहे. न्यू यॉर्क राज्यात १९७५ पासून अनेक कुटुंबांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. त्यातल्या ७९३ आया आणि त्यांच्या मुलांवरचा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना लहानपणी आईकडून आरडाओरडा, ‘तू मला आवडत नाहीस’ किंवा ‘तुला घरातून पाठवून देईन’ असं ऐकावं लागलं होतं, त्यांच्यात बॉर्डरलाइनसह काही व्यक्तिमत्त्व विकारांचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. मुलाचा मूळ स्वभाव, मारहाण आणि दुर्लक्ष हे घटक जमेस धरूनही हा फरक उरला. मोजमाप इथे आईच्या बोलण्याचं झालं. आपल्या घरांत अबोला धरणारे, महिनोन्‌महिने मुलाशी फक्त मार्कांपुरतं बोलणारे वडीलही मला दिसतात. त्यामुळे ‘आईनेच लाडावलं’ किंवा ‘आईच करवादते’ हा सोपा आरोप मी खोलीत कुणाला करू देत नाही. आधी सगळे बसा, वडीलसुद्धा, आणि जमलं तर आजीही, असं सांगते.

आता मित्रांकडे वळू. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मुलाच्या जगाचा मध्य घरातून निघून मित्रांत जातो. हा कृतघ्नपणा नाही, वाढ आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना गाडी चालवण्याचा व्हिडिओ गेम खेळायला दिला. काहींना एकट्याने, काहींना मित्रांसमोर. मोठ्यांच्या खेळात मित्रांमुळे फरक पडला नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी मात्र मित्रांसमोर जवळपास दुप्पट धोके पत्करले. एकटा असताना शहाणा असलेला मुलगा तिघांना बसवून मोटरसायकल का पळवतो, याचं उत्तर इथे आहे.

मित्र घडवतात कसे, हे टॉमस डिशियन यांनी १९९६ मध्ये दाखवलं. त्यांनी पौगंडावस्थेतल्या २०६ मुलांच्या मित्रांबरोबरच्या गप्पा चित्रित केल्या. नियम मोडल्याच्या गोष्टींवर ज्या जोड्यांत हशा पिकत होता, त्या मुलांची गैरवर्तणूक पुढे वाढली. वाईट सल्ला कुणी दिला नव्हता. हसणं पुरेसं होतं. माझ्याकडे आलेला तो दहावीतला मुलगा घरी निरुपयोगी होता आणि चौकातल्या टपरीवर हिरो. तो कुठे जाईल?

आणि टाकलं जाणं? नाओमी आयझेनबर्गर यांच्या २००३च्या प्रयोगात संगणकावरच्या चेंडूच्या खेळातून माणसाला वगळलं गेलं, तेव्हा मेंदूतला जो भाग शरीराच्या वेदनेच्या त्रासाशी जोडलेला आहे तो सक्रिय झालेला दिसला. ग्रुपमधून काढलेल्या मुलीला ‘एवढंसं’ म्हणताना हे लक्षात ठेवावं.

घर आणि मित्र यांचा धागा इथे जुळतो. जिचं घरात ऐकलं जात नाही ती सगळा भार एका मैत्रिणीवर टाकते. रात्री मेसेजवर मेसेज. उत्तर आलं नाही की संताप, मग माफी, मग पुन्हा संशय. ती मैत्रीणही पंधरा वर्षांचीच असते, ती थकते आणि दूर होते. मुलगी मोडून घरी येते, घर म्हणतं, ‘‘सांगितलं होतं ना, तिच्या नादी लागू नकोस.’’ पुढची मैत्री आणखी घट्ट धरली जाते आणि आणखी लवकर तुटते. बाहेरून पाहणाऱ्याला हा स्वभाव वाटतो.

हे सुटतं, हे मी ठामपणे लिहिते. न्यू यॉर्कच्या त्याच अभ्यासात किशोरवयापासून तारुण्यापर्यंत व्यक्तिमत्त्व विकाराची लक्षणं सरासरी २८ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मात्र ज्यांचा त्रास तीव्र असतो, ती मुलं पुढेही इतरांपेक्षा मागे राहतात. ‘वयाबरोबर जाईल’ म्हणून त्यांना सोडून देणं क्रूरपणाचं आहे. ऑस्लोमध्ये लार्स मेहलुम यांनी स्वतःला इजा करणाऱ्या ७७ किशोरवयीनांवर लिनेहान यांच्या पद्धतीचा १९ आठवड्यांचा उपचार तपासला. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत इजा करून घेण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त घटलं. या उपचारात पालकांनाही मुलांसोबत बसून तीच कौशल्यं शिकावी लागतात. एकट्या मुलाला दुरुस्त करून परत द्या, असं त्यात चालत नाही.

पालकांना मी थोडंच सांगते. भावना मान्य करणं म्हणजे वागणं मान्य करणं नव्हे. ‘‘तुला फार लागलंय, दिसतंय मला’’ आणि ‘‘ताट फेकलेलं चालणार नाही’’ ही दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळी बोलता येतात. मूल शांत असताना त्याच्याकडे लक्ष द्या, म्हणजे लक्ष मिळवायला त्याला ओरडावं लागणार नाही. पाळता येईल तोच नियम करा आणि तो पाळा. भांडण तापलं की थांबा, अर्ध्या तासाने बोला, पण बोलाच. मित्रांना नावं ठेवू नका. त्यांना घरी बोलवा, चहा-पोहे द्या, त्यांची नावं लक्षात ठेवा. मैत्रीखेरीज मुलाचं काहीतरी असू द्या: कबड्डीचा संघ, लेझीम, मामाचं गॅरेज, मावशीचं घर. एकच नातं तुटल्यावर सगळं कोसळू नये, यासाठी ते हवं.

नववीतल्या त्या मुलीच्या वडिलांनी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर बागेला एक फेरी मारायची ठरवली, शाळेचा विषय न काढता. सोबत मानसोपचारतज्ज्ञांचे उपचारही चालू होते. ती आता बारावीत आहे. अजूनही पटकन दुखावते, पण आता ते बोलून सांगते.

स्वतःला इजा, मरणाची भाषा, शाळा पूर्ण सुटणं, व्यसन यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. फोन करायला मूल तयार नसेल, तर आई-वडिलांनी स्वतःसाठी करावा.