'ढ' ठरवण्याआधी लेकराच्या हाती खडू द्या!

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात दोन मुले शेजारी बसतात. एक केजीची दोन वर्षे करून आलेले असते, दुसऱ्याने खडू त्या दिवशी प्रथमच हाती धरलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकाला 'हुशार' आणि दुसऱ्याला 'ढ' असे शिक्के बसतात. हा फरक बुद्धीचा की संधीचा? हा प्रश्न आम्ही आज समाजापुढे ठेवीत आहोत.

मूल एकदम अक्षर लिहीत नाही. आधी ते रेघोट्या ओढते, मग गोल काढते, उभ्या-आडव्या रेषा मारते. पुढे अक्षरासारखे काहीतरी काढून "हे माझं नाव" असे सांगते. मोठी माणसे त्याला गिरगोट्या म्हणून हसतात. पण लेखनाचा आरंभ तोच असतो. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडणे, शेंगा सोलणे यातून बोटांना बळ येते. 'अ' वर्णमालेत पहिला, पण काढायला सोपा नव्हे. ग, म, भ, न अशी मिळत्याजुळत्या वळणाची अक्षरे आधी दिली तर हात लवकर बसतो. तीन वर्षांच्या मुलाकडून अर्थ न कळणारे अक्षर पानभर गिरवून घेणे हे शिक्षण नव्हे, ती शिक्षा आहे. महागड्या शाळांतही हीच चूक होते.

हे सारे घडण्याचे वय तीन ते सहा. आणि कायदा नेमका इथेच हात आखडतो! घटनेच्या मूळ कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांचा उल्लेख होता, सहा वर्षांची खालची मर्यादा नव्हती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयोगटाला कलम 21-अ चा मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालील बालकांना मार्गदर्शक तत्त्वांत ठेवले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 11 सांगते की, तीन वर्षांवरील बालकांसाठी सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल'. 'करील' असे ते म्हणत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात मोजला. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. केवळ त्याच्या आधारे आईबापाला हक्क म्हणून न्यायालयात दाद मागता येत नाही.

ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांच्याच लेकरांना ही पळवाट सर्वाधिक नडते. पैसेवाला केजीची फी भरतो. मजुराच्या मुलाला अंगणवाडीखेरीज दुसरा आधार नाही.

म्हणून बांधवांनो, आपल्या वस्तीतील अंगणवाडीत जा. खिचडी मिळते का हे विचाराच. पण पाट्या, खडू, रंग मुलांच्या हाती पडतात का, हेही विचारा. नसतील तर लेखी मागणी करा आणि पोच घ्या. विहारात, समाजमंदिरात संध्याकाळी तासभर मुले जमवा. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजूही चालते. आईबापाला लिहिता येत नसेल तरी मुलाने काढलेले काय आहे, हे त्याला विचारता येते.

आणि शाळेत कोणी बोटांवर पट्टी मारली वा चारचौघांत 'ढ' म्हणून हिणवले, तर गप्प बसू नका. त्याच कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई करते. तिथे 'शकेल' नाही.