वेटोळे, वात आणि वाफ : ई-सिगारेटच्या आत काय घडते?

बंगळुरूमधील सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एस. पी. रोड, हा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, छोटे उद्योजक आणि हौशी तंत्रज्ञ येथे सुटे भाग घेण्यासाठी येतात. आपल्या हाताने काहीतरी तयार करण्याची ओढ या शहराच्या स्वभावातच आहे. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव, पुणे, नागपूर अशा ठिकाणांहून येथे आलेल्या मराठी तरुणांची संख्याही मोठी आहे.

ई-सिगारेटमधील तापणारे वेटोळे स्वतः वळावे, त्यात कापसाची वात स्वतः बसवावी, हा जगभर पसरलेला एक छंद आहे. इंटरनेटवरील चित्रफितींमुळे तो भारतीय तरुणांपर्यंतही पोहोचला. पाहणाऱ्याला ते भौतिकशास्त्राच्या साध्या प्रयोगासारखे वाटते आणि काही अंशी ते खरेही आहे. मात्र त्या प्रयोगाचे फलित थेट फुप्फुसात जाते. शिवाय भारतात ई-सिगारेटच्या उत्पादनावर कायद्याने बंदी आहे. म्हणूनच या वेटोळ्यामागचे विज्ञान, त्यातील धोके आणि कायद्याची भूमिका समजून घेणे उपयुक्त ठरेल.

समईचेच तत्त्व

ई-सिगारेटची कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ साली धूररहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ साली त्यांना ते मिळाले. आज परिचित असलेल्या ई-सिगारेटचे श्रेय मात्र चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांना दिले जाते. त्यांनी २००३ च्या सुमारास हे उपकरण विकसित केले.

त्याची रचना थोडक्यात अशी असते. एका कुपीत द्रव असतो. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि बहुधा निकोटिन मिसळलेले असते. या द्रवात कापसाची वात बुडालेली असते आणि वातीभोवती धातूच्या तारेचे वेटोळे असते. कळ दाबली की विद्युतघटातून तारेत विद्युतधारा वाहते, तार तापते आणि वातीतील द्रवाचे सूक्ष्म थेंबांच्या फवाऱ्यात रूपांतर होते. त्याला सर्रास वाफ म्हटले जाते, पण ती पाण्याची वाफ नव्हे.

वातीचे काम आपल्या घरातील समईच्या वातीप्रमाणेच चालते. कापसाच्या तंतूंमधील बारीक पोकळ्यांतून तेल आपोआप वर चढते. याला केशाकर्षण म्हणतात. वात फार घट्ट वळली तर तेल चढत नाही आणि ज्योत मंदावते. फार सैल ठेवली तर तेल ओघळते, हे घरोघरी वाती वळणाऱ्या आजींना शास्त्राचे पुस्तक न वाचताही ठाऊक असते. ई-सिगारेटमध्येही हाच नियम लागू होतो. फरक इतकाच की समईची वात चुकली तर दिवा विझतो. येथे वात चुकली तर करपलेल्या कापसाचा धूर श्वासात जातो.

तारेचे गणित

वेटोळ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तारा आपल्या परिचयाच्या उपकरणांतील आहेत. निकेल आणि क्रोमियम यांचे संमिश्र असलेल्या नायक्रोमचे पेटंट अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली अमेरिकेत मिळाले. विजेची शेगडी आणि इस्त्री यांसारखी उपकरणे घरोघरी पोहोचण्यात या धातूचा मोठा वाटा आहे. दुसरी तार लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांच्या संमिश्राची असते. १९३१ साली स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या नावावरून ती कांथल म्हणून ओळखली जाते. दोन्ही तारा लाल होईपर्यंत तापल्या तरी सहसा वितळत नाहीत.

तारेचा रोध तिच्या लांबीवर आणि जाडीवर अवलंबून असतो. लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट होतो. व्यास दुप्पट केला तर रोध एक चतुर्थांश होतो. शालेय अभ्यासक्रमातील ओमच्या नियमानुसार, विभवांतर कायम असताना रोध जितका कमी, तितकी विद्युतधारा जास्त. नवख्या व्यक्तीची चूक नेमकी येथेच होते. रोध कमी करणे म्हणजे उपकरण सौम्य करणे, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात परिणाम अगदी उलट होतो.

पूर्ण भारित लिथियम-आयन घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. वेटोळ्याचा रोध १ ओम असेल तर ४.२ ॲम्पिअर धारा वाहते आणि सुमारे १७.६ वॅट शक्ती खर्च होते. रोध ०.५ ओम झाला तर धारा ८.४ ॲम्पिअर आणि शक्ती सुमारे ३५ वॅट होते. रोध ०.१ ओमपर्यंत घसरला तर धारा ४२ ॲम्पिअरवर, तर शक्ती सुमारे १७६ वॅटवर जाते. अशा उपकरणांत सर्रास वापरले जाणारे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे अनेक घट सतत १० ते ३० ॲम्पिअरच्या पलीकडे धारा पुरवण्यासाठी बनवलेलेच नसतात.

हा फरक मोजणेही सोपे नाही. साध्या मल्टिमीटरच्या जोडतारांचाच रोध ०.१ ते ०.३ ओम असू शकतो. त्यामुळे इतके लहान आकडे त्यावर विश्वासार्हपणे वाचता येत नाहीत. तारेचे एक टोक चुकून धातूच्या आवरणाला टेकले तर रोध जवळजवळ शून्य होतो. संरक्षक मंडल नसलेल्या उपकरणात अशा वेळी धारा रोखणारे काहीच उरत नाही. घट आतून तापत जातो, त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया आणखी वेग घेते आणि अखेरीस ज्वलनशील द्रव पेट घेतो. मे २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ई-सिगारेटच्या स्फोटाने एका ३८ वर्षीय व्यक्तीचा मृत्यू झाला. जानेवारी २०१९ मध्ये टेक्सास राज्यातही अशीच घटना घडली.

वाफेत नेमके काय असते?

चुलीवरच्या भांड्यात पाणी आहे तोवर भांडे करपत नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. वेटोळ्याचेही तसेच आहे. वात ओली असेपर्यंत तारेचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहते. प्रोपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंश सेल्सिअसला, तर ग्लिसरीन २९० अंशांना उकळते. वातीला द्रव पुरेनासा झाला की तापमान झपाट्याने वाढते. कापूस करपतो आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलिन ही घातक रसायने तयार होतात. कढईतील तेल जास्त तापून धूर निघू लागला की डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो, त्याला कारणीभूत असलेल्या रसायनांपैकी ॲक्रोलिन हे एक आहे.

प्रश्न केवळ द्रवाचा नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर परिसरातील ५६ वापरकर्त्यांची उपकरणे तपासून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुपीतील मूळ द्रवाच्या तुलनेत, वेटोळ्याच्या संपर्कात आलेल्या द्रवात आणि वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम यांसारख्या धातूंचे प्रमाण अधिक आढळले. याचा अर्थ तार केवळ उष्णता देते असे नाही. तिचा काही अंश वाफेत मिसळू शकतो.

घरी मिसळलेल्या किंवा अनधिकृत मार्गाने आलेल्या द्रवाचा धोका २०१९ साली अमेरिकेत ठळकपणे समोर आला. तेथील रोग नियंत्रण केंद्राच्या नोंदीनुसार १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत फुप्फुसाच्या गंभीर इजेचे २,८०७ रुग्ण आढळले आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. गांजातील मादक घटक असलेल्या, बहुतांशी अनौपचारिक मार्गाने मिळवलेल्या द्रवांतील ई-जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटशी या साथीचा निकटचा संबंध असल्याचे दिसून आले. हे रसायन त्वचेवर लावण्याच्या उत्पादनांत वापरले जाते. जे त्वचेला चालते ते फुप्फुसाला चालेलच असे नाही, हा यातील धडा होय.

कायदा काय सांगतो?

कर्नाटक सरकारने जून २०१६ मध्येच राज्यात ई-सिगारेटवर बंदी घातली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये श्वेतपत्रिका प्रसिद्ध करून संपूर्ण बंदीची शिफारस केली. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०१९ रोजी बंदीच्या अध्यादेशाला मंजुरी दिली. त्याची जागा घेणारे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

या कायद्याच्या कलम ४ नुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांना मनाई आहे. ही मनाई संपूर्ण उपकरणाप्रमाणेच त्याच्या कोणत्याही भागालाही लागू होते. ‘मी सिगारेट बनवत नाही, फक्त वेटोळे वळतो,’ हा युक्तिवाद म्हणूनच भक्कम ठरत नाही. निकोटिनविरहित द्रव वापरला तरी सुटका नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली अशी दोन्ही उपकरणे येतात.

पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साठा बाळगल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नायक्रोमची तार किंवा कापूस विकत घेणे अर्थातच गुन्हा नाही. त्यांपासून काय तयार केले जाते, हा प्रश्न आहे.

जगात एकमत नाही

या विषयावर सर्व देशांची भूमिका सारखी नाही. ब्रिटनमध्ये धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांसाठी ई-सिगारेट हा तुलनेने कमी हानिकारक पर्याय मानला जातो. मात्र तेथेही एकदा वापरून फेकून देण्याच्या उपकरणांच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली. ब्राझील आणि सिंगापूर यांनी भारताप्रमाणेच बंदीचा मार्ग स्वीकारला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मुलांना या उपकरणांपासून दूर ठेवण्यासाठी तातडीने पावले उचलण्याचे आवाहन केले.

बंदीवर टीका करणाऱ्यांचा मुद्दाही विचारात घेण्याजोगा आहे. बिडी, सिगारेट आणि तंबाखू खुलेआम मिळत असताना केवळ ई-सिगारेटवर बंदी का, असे ते विचारतात. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होते. बंदीच्या समर्थकांचे उत्तर असे की, एक व्यसन आटोक्यात आलेले नसताना दुसऱ्याला दार उघडून देणे शहाणपणाचे नाही. निकोटिनची सवय जडण्याचा धोका विकसनशील मेंदूला अधिक असतो आणि मेंदूचा विकास साधारण पंचविशीपर्यंत चालू असतो. हा छंद आकर्षित करतो तो नेमका याच वयोगटाला.

मदत कोठे मिळेल?

सवय लागली असल्यास लपवण्यापेक्षा मदत घेणे केव्हाही चांगले. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या सेवेचा पुढे विस्तार करण्यात आला. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था आणि मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय यांना तिच्याशी जोडण्यात आले. निकोटिनयुक्त च्युइंग गम आणि पट्ट्या यांसारखे मान्यताप्राप्त उपायही डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतात.

दूर राहणाऱ्या पालकांनीही मुलाच्या टेबलावर तार आणि मल्टिमीटर दिसताच संशय घेऊ नये. बहुतेक वेळा ती शिकण्याची साधनेच असतात. त्याच नायक्रोमच्या तारेपासून फोम कापण्याचे साधन किंवा प्रयोगशाळेतील छोटी भट्टी तयार करता येते आणि ओमचा नियम तेथेही तितक्याच काटेकोरपणे शिकता येतो. प्रयोग फसला तर तेथे तार बदलता येते. फुप्फुस मात्र बदलून मिळत नाही.