वैद्याचा नोकरीसाठी अर्ज

बी.ए.एम.एस. पदवी हाती पडताच स्वतःचे चिकित्सालय थाटावे, अशी सोय प्रत्येक स्नातकास नसते. रुग्णालयातील निवासी वैद्यकीय अधिकारी, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके, २०१८ नंतर निर्माण झालेली समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची पदे, पंचकर्म केंद्रे आणि औषधनिर्माणशाळा येथे शेकडो तरुण वैद्य अर्ज करीत असतात. असे अनेक अर्ज आमच्या नजरेखालून जातात. अर्जदार गुणी असतो. परंतु अर्ज वाचून त्याचा गुण कळत नाही. बहुतेक अर्ज एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात आणि प्रत्येक जण ‘कष्टाळू, प्रामाणिक व मनमिळाऊ’ असतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, दृष्टकर्मता, दाक्ष्य आणि शौच. अर्जाची मांडणी करण्यास याहून चांगला आराखडा आम्हांस आढळलेला नाही.

ज्ञानाविषयी फार लिहावे लागत नाही. पदवी, विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक पहिल्या पानावर ठळक असावा. नोंदणीचे नूतनीकरण राहिले असल्यास अर्जापूर्वी करून घ्यावे.

खरी कसोटी दृष्टकर्मतेची. ‘पंचकर्माचा अनुभव आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्यास काहीच बोध होत नाही. त्याऐवजी, ‘आंतरवासितेच्या काळात १२ वमनकर्मांत साहाय्य केले, त्यांपैकी ३ रुग्णांच्या स्नेहपानापासून संसर्जनक्रमापर्यंतच्या नोंदी स्वतः ठेवल्या,’ असे लिहिलेले असेल तर निवड करणारा वैद्य तेथे थांबतो. आकडा लहान असला तरी बिघडत नाही. तो खरा असावा. क्षारसूत्र केवळ पाहिले, की वरिष्ठांच्या देखरेखीखाली स्वतः बदलले, हा भेद स्पष्ट लिहावा. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला तो उघड होतोच.

औषधनिर्माणशाळेसाठी अर्ज करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे आयुर्वेदीय औषधांचे उत्पादन अर्हताप्राप्त तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे लागते आणि परिशिष्ट ‘टी’ मधील उत्तम उत्पादनपद्धतीच्या अटी पाळाव्या लागतात. त्यामुळे कारखानदारास केवळ भिंतीवर लावण्याजोगे पदवीपत्र पुरत नाही. अशोकाच्या नावाखाली आलेली आसुपालवाची साल ओळखणारा, अवलेहाचा पाक केव्हा उतरवावा हे जाणणारा, भस्माची वारितर व रेखापूर्ण परीक्षा स्वतः केलेला आणि प्रत्येक घाण्याची नोंद त्याच दिवशी लिहिणारा वैद्य त्यास हवा असतो. यांपैकी जे केले असेल ते अर्जात लिहावे. रसशास्त्रातील गुणांची टक्केवारी त्यानंतर आली तरी चालते.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. आधुनिक रुग्णालयात रात्रपाळीच्या जागेसाठी अर्ज करताना काही स्नातक ‘आयुर्वेद’ हा शब्दच शक्य तितका झाकतात. त्यामागची अगतिकता आम्ही समजू शकतो. घरी कर्जाचे हप्ते वाट पाहत असतात. परंतु झाकलेली पदवी नोकरी लागल्यावरही झाकलेलीच राहते आणि मग वेतन व कामाची व्याप्ती ठरविताना बोलण्यास जागा उरत नाही. आपली पदवी सरळ लिहावी आणि आपणाकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे, ते नियुक्तिपत्रात लिहून मागावे. याच्या उलट टोकाचे अर्जही येतात. असाध्य व्याधी बरे केल्याचे दावे करणारा नवा स्नातक पाहिला की सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील, स्वतःची स्तुती करीत रुग्ण शोधत फिरणारे छद्मवैद्य आठवतात.

शौचाविषयी सुश्रुताचार्यांनी विशिखानुप्रवेशनीय अध्यायात नखे-केस कापलेले, शुभ्र वस्त्र आणि उद्धटपणा नसलेला वेश सांगितला आहे. छत्र व दंड घरी ठेवले तरी चालतील. बाकीचे सर्व आजही लागू आहे. अर्जाचा कागदही स्वच्छ, दोन पानांहून अधिक नसलेला आणि शुद्धलेखन तपासलेला असावा. मुलाखत ही संधायसंभाषा समजावी. जे येत नाही ते ‘येत नाही’ म्हणावे. असे उत्तर देणाऱ्या उमेदवारावर औषधांचे कपाट सोपविण्यास मालक कचरत नाही.

मालकवर्गाकडेही एक मागणे आहे. दोन वर्षे राबलेल्या वैद्यास निरोप देताना ‘यांचे वर्तन चांगले आहे’ एवढ्या एका ओळीचे प्रमाणपत्र दिले जाते. त्याच्या पुढच्या अर्जातील दृष्टकर्मतेचा पुरावा तोच एक कागद असतो. त्यावर कामाच्या आरंभाची व समाप्तीची तारीख, कोणती कर्मे वा कोणते कल्प त्याने हाताळले आणि स्वतंत्रपणे की देखरेखीखाली, एवढे तरी लिहावे. आणि तो कागद शेवटच्या वेतनासोबतच हाती द्यावा.