मांसोत्पादक शेळ्यांच्या ऊर्जेच्या गरजेवर हवामानाचा परिणाम

मांसोत्पादक शेळ्यांची ऊर्जेची गरज वय, वजन, गाभणकाळ व हालचाल यांच्याप्रमाणेच तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा यांवरही अवलंबून असते. कोकणच्या दमट किनारपट्टीत, उदाहरणार्थ पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यातील गास व परिसरात, हा परिणाम पावसाळ्यात विशेष जाणवतो.

निर्वाहाची ऊर्जा

शेळीच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते. ते स्थिर राखणे, श्वसन, रक्ताभिसरण इत्यादींसाठी लागणाऱ्या ऊर्जेला निर्वाहाची ऊर्जा म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९८१ च्या तक्त्यांनुसार ३० किलोग्रॅम वजनाच्या शेळीला निर्वाहासाठी रोज सुमारे १,३०० किलोकॅलरी चयापचयी ऊर्जा लागते. थोडीफार चराई करणाऱ्या शेळीस सुमारे २५ टक्के, तर डोंगराळ रानात हिंडणाऱ्या शेळीस सुमारे ५० टक्के ऊर्जा अधिक लागते. निर्वाह भागल्यावर उरलेल्या ऊर्जेतूनच वजन वाढते. म्हणून प्रतिकूल हवामानाचा पहिला आघात वाढीवर होतो.

उष्ण व दमट हवा

उन्हाळ्यात शेळी धापा टाकून, म्हणजे पाण्याच्या बाष्पीभवनाने, उष्णता बाहेर टाकते. हवेत आधीच बाष्प अधिक असल्यास हा उपाय अपुरा पडतो. त्यामुळे तेवढ्याच तापमानात मराठवाड्याच्या कोरड्या हवेपेक्षा किनाऱ्यावरील ताण अधिक असतो. धापा टाकण्यास ऊर्जा खर्च होते; शिवाय चारा पचताना निर्माण होणारी उष्णता टाळण्यासाठी शेळी कमी खाते. अशा प्रकारे गरज वाढते आणि आहार घटतो.

पाऊस व वारा

कोरडे केस हवेचा थर धरून ठेवतात व उष्णता रोखतात. केस भिजले की हा थर नाहीसा होतो आणि वारा असल्यास शरीर वेगाने थंड पडते. मोठी शेळी हे सोसू शकते. परंतु नवजात करडांच्या शरीरात चरबीचा साठा अल्प असल्याने भिजलेले, उपाशी करडू थोड्याच वेळात दगावू शकते.

पावसाळ्यातील दुसरी अडचण सहज लक्षात येत नाही. शेळी पावसात चरणे टाळते, त्यामुळे चराईचे तास घटतात. कोवळ्या गवतात सुमारे ८० टक्के पाणी असते. एक किलोग्रॅम शुष्क पदार्थ मिळण्यास असे सुमारे पाच किलोग्रॅम गवत खावे लागते. पोट भरलेले दिसते, पण ऊर्जा अपुरी पडते. ओलाव्यात वाढणारे जंत ही तूट आणखी वाढवतात. म्हणूनच सर्वत्र हिरवळ असतानाही शेळ्यांचे वजन घटू शकते.

थंडी

किनाऱ्यावरील हिवाळा सौम्य असल्याने प्रौढ शेळ्यांची गरज फारशी वाढत नाही. पठारावरील थंड रात्री मात्र शरीर उबदार ठेवण्यास अधिक ऊर्जा लागते. तंतुमय चारा पचताना कोठीपोटात निर्माण होणारी उष्णता अशा वेळी उपयोगी पडते.

आहार व निवारा

* उन्हाळ्यात सावली व भरपूर स्वच्छ पाणी द्यावे. चारा व खुराक सकाळी लवकर आणि सायंकाळी विभागून द्यावा.
* पावसाळ्यात ओल्या गवताबरोबर वाळलेला चारा, फणस किंवा सुबाभळीचा पाला आणि थोडा खुराक द्यावा. धान्य एकाएकी वाढवल्यास पोटात आम्ल वाढून शेळी आजारी पडते.
* गोठ्याची जमीन कोरडी असावी. जमिनीपासून उंच, फटींची लाकडी तक्तपोशी उपयुक्त ठरते. वाऱ्याची झोत अडवावी, मात्र हवा खेळती ठेवावी.
* करडू जन्मताच पुसून कोरडे करावे व लवकरात लवकर चीक पाजावा.

जातींची अनुकूलता

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोकण कन्याळ ही मांसोत्पादक जात उष्ण, दमट व अतिपावसाच्या हवामानास रुळलेली आहे. उस्मानाबादी शेळी मूळची कोरड्या प्रदेशातील आहे. तथापि जात अनुकूल असली तरी ऊर्जेची तूट आहारातूनच भरून काढावी लागते.