जाळे, गाठी आणि पहारा : मुंबई उपनगरांतील लोहमार्ग

मराठीत 'जाळे' म्हटले की प्रथम कोळ्याचे जाळे डोळ्यांपुढे उभे राहते. त्याचा एक धागा तुटला तरी भोवतालच्या गाठी भार सावरतात. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांसही जाळे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु चर्चगेटहून विरारकडे जाणारा पश्चिम मार्ग हा वस्तुतः एक लांब दोरा होय. तो मध्येच तुटला की बोरिवलीचा प्रवासी अडकलाच.

या दोऱ्यावर ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी सुमारे अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सर्व स्फोट पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तत्पूर्वी २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपरला बसमध्ये, २७ जानेवारी २००३ रोजी विलेपार्ले स्थानकाबाहेर, १३ मार्चला मुलुंड स्थानकाशी गाडीच्या डब्यात आणि २८ जुलैला पुन्हा घाटकोपरला बसमध्येच स्फोट झाले होते. ते कोणी घडविले हा प्रश्न येथे बाजूस ठेवला तरी पहाऱ्याची मूळ अडचण या क्रमावरून उमगते. हल्लेखोरास एकच उघडी जागा शोधावयाची असते. रक्षकास सर्व जागा राखावयाच्या असतात.

त्याची किंमत किती? दिवसाला ७० लाख प्रवास धरले आणि एकेक पिशवी पाहावयास अवघे ५ सेकंद लागतात असे मानले, तरी रोज सुमारे ९,७०० तास खर्ची पडतील. शिवाय तपासणीपुढे जमलेली रांग हेच नवे लक्ष्य होऊन बसेल. स्थानकांच्या दारांतील धातुशोधक चौकटींना वळसा घालून गर्दी वाहते ती यामुळेच. त्याचा सारा दोष पोलिसांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

दुसरा उपाय धागे वाढविण्याचा. त्यास आरंभी भांडवल फार लागते, परंतु ज्या दिवशी कोणी हल्ला करीत नाही त्या दिवशीही तो उपयोगी पडतो. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पश्चिम व मध्य मार्गांना दादरच्या पुष्कळ उत्तरेस आडवा सांधा मिळाला. २०२२-२३ मध्ये अंधेरी ते दहिसर असे आणखी दोन धागे आले.

मात्र सांध्यालाही मोल द्यावे लागते. ज्या जाळ्यात थोड्याच गाठींशी पुष्कळ धागे येऊन मिळतात, ते आकस्मिक बिघाड सहज सोसते, पण नेमक्या त्या गाठींवर घाव पडला की विस्कटते, असे अल्बर्ट, जॉंग व बाराबाशी यांनी २००० साली दाखविले. अंधेरी आणि घाटकोपर यांची वाटचाल आता त्याच दिशेने चालली आहे. घाटकोपरला लोकलमधून विनातपासणी उतरलेला प्रवासी मेट्रोच्या दाराशी पिशवी यंत्रात घालण्यासाठी थांबतो, आणि ऐन गर्दीच्या वेळी ती रांग पार पुलापर्यंत मागे सरते.