दगडातले कपडे

आपल्या कामशेतहून पवनानगरच्या बाजूला बेडसे गाव लागते. तिथल्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. लेण्यात उंच खांब आहेत. त्यांच्या माथ्यावर घोड्यावर आणि हत्तीवर बसलेली माणसे कोरली आहेत. ती नीट बघितली की त्या काळचे लोक काय नेसायचे ते कळते. पुरुषांच्या डोक्याला पागोटं आहे, कमरेला धोतर आहे आणि अंग उघडंच आहे. बायकांच्या पायात जाड तोडे आहेत.

कपडे हवेप्रमाणे असतात. आपल्याकडे उकाडा, म्हणून सुती आणि सैल कापड. थंड देशात लोकर आणि शिवलेले कपडे. अजिंठ्याला १ नंबरच्या लेण्याच्या छतावर परदेशी माणसे रंगवली आहेत. ती चित्रे पाचव्या शतकातली आहेत. त्या माणसांना टोपी, लांब बाह्यांचा अंगरखा आणि मोजे आहेत. म्हणून ती लगेच ओळखू येतात.

त्याच सुमाराला लांब युरोपात रोमचे मोठे राज्य होते. तिथेही मुलखाप्रमाणे कपडे वेगळे होते. उत्तरेकडचे थंडीतले लोक विजार घालायचे. ती फॅशन रोम शहरात आली. तेव्हा बादशहाने इ. स. ४०० च्या सुमारास हुकूम काढला, की शहरात विजार घालून फिरायचं नाही. आता सगळ्या जगात विजार आहे!

रोमच्या राज्यात इजिप्त देश होता. तिथे पाऊस फार कमी. त्यामुळे वाळूत पुरलेले त्या काळचे खरे अंगरखे आजसुद्धा सापडले आहेत. आपल्या मावळात चार महिने पाऊस कोसळतो. इथे कापड कुजून जाते, फक्त कातळ टिकतो. म्हणून लेण्यात खिळ्याने किंवा खडूने नाव लिहू नये. मूर्ती खरडली की तिचे पागोटे गेले, मग ते पुन्हा कुठे बघणार?

अजून एक गोष्ट आहे. शिवलेला अंगरखा सापडला तर तो कसा घालायचा ते बघून कळते. पण रोमचे लोक पूर्वी टोगा नेसायचे. तो म्हणजे न शिवलेले लांबच लांब लोकरी कापड. पुढे तो फक्त समारंभाला उरला, आणि मग बंद झाला. आता तो कसा गुंडाळायचा हे विद्वान लोक पुतळे बघून शोधतात.

आपल्या आजीचे नऊवारी लुगडेही तसेच आहे. घडी घालून पेटीत ठेवले तर ते नुसते लांब कापड. निऱ्या किती घ्यायच्या, कासोटा कुठे खोचायचा, हे आजीच्या हाताला माहीत असते. लुगड्यावर काही लिहिलेले नसते. म्हणून ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी ते आत्ताच विचारून, बघून शिकून घ्यावे. मुलांनी पण आजोबांकडून धोतर आणि पागोटे शिकावे.

इयत्ता ४ थी