बेसबॉल गेममधील अंगठ्याची परीक्षा

बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये पिचर म्हणून चेंडू टाकणे पूर्वी सोपे होते. पडद्यावरील पट्टीवर खूण सरकत जाई, ती योग्य जागी येताच बटण दाबले की काम भागे. सोनीच्या ‘एमएलबी ११ द शो’ने २०११ मध्ये ॲनालॉग पद्धत आणली. कंट्रोलरची उजवी स्टिक खाली ओढायची आणि नेमक्या क्षणी लक्ष्याच्या दिशेने वर ढकलायची. अंगठा किंचित तिरका गेला, तरी चेंडू भरकटतो.

ही अडचण निराधार नाही. प्रत्यक्ष मैदानात पिचरपासून होम प्लेट ६० फूट ६ इंच अंतरावर असते आणि तिची रुंदी अवघी १७ इंच. चेंडू सुटताना एका अंशाची चूक झाली, तर तो जवळजवळ फूटभर सरकतो. बटणाच्या पद्धतीत ही धाकधूक जाणवतच नाही.

मात्र कठीण ते सारे वास्तव, असेही नव्हे. पिचरची अचूकता पाय, कंबर आणि खांद्याच्या वर्षानुवर्षांच्या सरावातून येते. गेममध्ये ती खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर येऊन ठेपते. त्यामुळे नवख्याच्या हाती नामवंत पिचरही दिशाहीन ठरतो, तर तरबेज अंगठा सामान्य पिचरलाही तारून नेतो. म्हणून स्टिकच्या हालचालीला पिचरच्या कौशल्याची व थकव्याची जोड द्यावी लागते. ती जोड कमी पडली, तर सामना पिचरचा न राहता अंगठ्यांचाच होतो.